निरोगी घरांसाठी शहर आणि भोवतीची गावं एकत्र येतील का? (कोल्हापूर परिसर)

हद्दीवरचा | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं घर कोल्हापूरला चिकटून असलेल्या एका गावात आहे. शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं हे घरफाळ्याची पावती बघितल्याशिवाय कळत नाही. समोरच्या काकांचा घरफाळा शहरात, आमचा ग्रामपंचायतीत. मध्ये बारा फुटी रस्ता आणि एक गटार. हे गटार कुणाचं, ते चार वर्षांत ठरलेलं नाही. तीन ठिकाणी अर्ज दिले. पहिल्यांनी दुसरीकडं पाठवलं, दुसऱ्यांनी तिसरीकडं, आणि तिसऱ्यांनी विचारलं, "पहिल्यांकडं जाऊन आलात का?"

दिवाळीत रंग काढायला म्हणून पोरीच्या खोलीतलं कपाट सरकवलं. मागं भिंतीवर काळपट-हिरवी बुरशी, खाली तीन फुटांपर्यंत रंग फुगलेला, बोट लावलं की पापुद्रा हातात. तिची गादी त्याच भिंतीला लागून. पोरगी सहा वर्षांची, दोन वर्षं बालदम्याचा पंप सुरू आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, झोपते त्या खोलीत ओल आहे का? मी "नाही" म्हणून सांगून आलो होतो.

गल्लीत चौकशी केली तर नऊ घरांत हीच कथा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. ओल काय पावती बघून येत नाही.

तर माझा प्रश्न. ओल, कोंदट खोल्या, गटारं, डास, पुराचं पाणी, पिण्याचं पाणी, ह्यातलं एकही एकट्या शहराच्या किंवा एकट्या गावाच्या हातात नाही. डॉक्टर, आशाताई, गवंडी, इंजिनिअर, तालमी, बचत गट, ग्रामपंचायतींचे सदस्य अशा सगळ्यांची मिळून ह्या पट्ट्याची एखादी आघाडी होऊ शकेल का? कुणी असलं काही केलंय का? का मी खुळ्यागत बोलतोय?

पेठेतला | रविवार, रात्री ९:५२

भावा, तू फक्त विषय सांग. कृती समिती आमच्याकडं तयारच असते.

मिरची_भजी | रविवार, रात्री ९:५८

नाव तेवढं शेवटी ठरवा. नावावरूनच दोन गट पडतात, मग दुसऱ्याला "मूळ" लावावं लागतं.

जोतं_आधी | रविवार, रात्री ११:१५

तीस वर्षं बांधकामात काढली म्हणून लिहितो. आघाडी व्हायची तेव्हा होईल, आधी ती भिंत बघा.

ओल चार वाटांनी येते. जमिनीतून वर चढते, बाहेरून पावसाची आत येते, नळाची गळती असते, नाहीतर आतली वाफ थंड भिंतीवर धरते. चारही ठिकाणी इलाज वेगळा. लोक चारही ठिकाणी एकच करतात, वॉटरप्रूफचा डबा आणून फासतात. दोन पावसाळे जातात, परत तेच.

हाताशी होणारी एक परीक्षा सांगतो. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्या, भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टीनं घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंत आणि कागद यांच्यामध्ये, थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला धरले तर ती खोलीतली वाफ, म्हणजे खिडकी उघडा आणि आत वाळत घातलेले कपडे बाहेर न्या. पैसे लागत नाहीत.

खालून तीन फूट म्हणताय त्यावरून जमिनीतली ओल वाटते. नवीन घर असेल तर जोत्यावरचा ओलरोधक थर, ज्याला आम्ही डी.पी.सी. म्हणतो, तो नीट झालेला नसणार. गुंठेवारीच्या प्लॉटवर हाच थर पहिला वाचवला जातो, कारण तो परत कुणाला दिसत नाही. त्यात गटार तुंबून जोत्याला लागलं असेल तर भिंत बारा महिने पाणी पिते.

जुन्या घरांची गोष्ट उलटी. माती-दगडाची भिंत श्वास घेणारी असते. तिला लोणा लागला म्हणून पोरं वरून सिमेंटचा गिलावा मारतात, त्यावर ऑईलपेंट. पाणी बाहेर पडायची वाटच बंद, मग ते आणखी वर चढतं. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा पाहिजे. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजावे लागतात, हेही खरं.

गावठाण | सोमवार, सकाळी ७:२०

शहाण्यांनो, आघाडी कशाला ते आम्हाला कळतंय. हद्दवाढ पुढच्या दारानं आली नाही, आता मागच्या दारानं आरोग्याची पिशवी घेऊन येताय.

१९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून आमच्या गावांकडं नजर आहे. २०१७ ला ४२ गावांचं प्राधिकरण झालं. आमच्या माणसाला घर बांधायचं तर कागद वाढले, त्यापलीकडं गावात काय बदललं ते कुणीतरी दाखवावं. आधी शहरानं आपले नाले बघावेत. मग आम्हाला निरोगी घर शिकवायला या.

हद्दीवरचा | सोमवार, सकाळी ८:०५

दादा, मी पण गावातलाच हो. पावती दाखवू का?

गावठाण | सोमवार, सकाळी ८:११

तुम्ही प्लॉटवाले. गावातले वेगळे.

मिरची_भजी | सोमवार, सकाळी ८:३०

झालं. आघाडी व्हायच्या आधीच फुटली. मी आपला पोहे घेऊन बसलोय.

वहीतली_घरं | सोमवार, दुपारी २:४५

मी करवीर तालुक्यात आशा म्हणून काम करते. वाचत होते, लिहावंसं वाटलं.

आमच्याकडं साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा. मी घरात जाते ती गरोदर बाई, बाळ, ताप, क्षयरोगाच्या गोळ्या यासाठी. माझ्या वहीत माणसांची नावं आहेत, घराचा रकाना नाही. पण आजारी कोण पडणार हे मला उंबऱ्यातच कळतं. आठ बाय दहाची खोली, एकच खिडकी, तीही गोणपाटानं बंद कारण पलीकडं शेजाऱ्याची मोरी. आत चूल. गॅस आहे, पण तो पाहुणे आले की. सहा माणसं. त्यात एकाला क्षय निघाला तर मी घरच्यांना सांगते, हवा खेळती ठेवा. तोंडातून शब्द जातो आणि माझी मलाच लाज वाटते. हवा खेळणार कुठं?

आघाडी करा, नाहीतर नका करू. पण जे कोण घर बघायला जातील त्यांनी बाईला विचारा. पुरुष माणूस "सगळं बरं आहे" म्हणतो, कारण घराला नावं ठेवली की त्याला स्वतःला नावं ठेवल्यासारखं वाटतं. बाई मोरीपाशी नेऊन दाखवते.

जोतं_आधी | सोमवार, दुपारी ३:२०

ताई, अगदी बरोबर. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर क्षेत्र आणि पावणेतीन मीटर उंची सांगितली आहे. दमट-उष्ण हवेत खिडक्या-झरोके जमिनीच्या क्षेत्राच्या एक षष्ठांश असावेत असंही आहे. तुमची आठ बाय दहा फुटांची खोली म्हणजे जेमतेम साडेसात चौरस मीटर भरते.

बंबवाला | सोमवार, सायंकाळी ६:१०

चुलीवरून आठवलं. आमच्या आज्जीचा तांब्याचा बंब अजून न्हाणीत आहे. सकाळी पाचला शेणी आणि करवंट्या घालून पेटतो, घरभर धूर. आज्जी म्हणते धुरानं ढेकणं मरतात. आज्जीला गेली पंधरा वर्षं खोकला आहे, ढेकणंही आहेत.

पेठेतला | सोमवार, सायंकाळी ६:२५

बंबाचं पाणी अंगाला लागतं त्याची सर गिझरला नाही. कोण काय म्हणायचं ते म्हणा.

जोतं_आधी | सोमवार, सायंकाळी ६:४०

बंब निदान दिसतो आणि खोकला आणतो. बंद न्हाणीतला गॅस गिझर त्याहून वाईट. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळीला जातो आणि दार तोडून बाहेर काढावा लागतो. गिझर न्हाणीच्या बाहेर बसवा, आत झरोका उघडा ठेवा. हे मात्र चेष्टेत घेऊ नका.

चिखल_उपसणारा | सोमवार, रात्री १०:३०

आम्ही नदीकाठच्या पेठेतले. आमच्याकडं घर निरोगी आहे का नाही हे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा ठरवतो. तिथली पाणीपातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ३७ झाले की आई टीव्ही वर माळ्यावर चढवते, ४१ ला आम्ही खाली उतरून मठात. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं.

पूर सगळ्यांनी बघितला. पूर उतरल्यावरचं घर फार थोड्यांनी. २०१९ ला आत गेलो तेव्हा गुडघ्याएवढा गाळ, आणि तो नुसता नदीचा नव्हता. नाल्यांचं, संडासांच्या टाक्यांचं, सगळ्या शहराचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला होतं. तालमीची पोरं आली म्हणून घर मोकळं झालं. सांगलीकडून, पुण्याकडून चादरी, बिस्किटं, भांडी आली. इतक्या चादरी की अजून न फोडलेल्या आहेत.

पण भिंत कशी वाळवायची हे सांगायला कोणी आलं नाही. गणपती तोंडावर म्हणून आम्ही महिन्याभरात रंग दिला. दसऱ्याला तो चादरीसारखा सुटून आला. घरात तिघांना अंगावर खाज, वडिलांना छातीचा त्रास. मग एका जाणकारानं सांगितलं, गिलावा खाली चार फूट खरवडून उघडा ठेवायचा, दारं-खिडक्या सताड, रंगाचं नाव उन्हाळ्यापर्यंत काढायचं नाही. २०२१ ला तसं केलं. घर भिकाऱ्यासारखं दिसत होतं, पण तब्येती टिकल्या.

म्हणून म्हणतो, आघाडी करणार असाल तर पुराच्या आधी करा. पुरात सगळेच येतात.

वहीतली_घरं | सोमवार, रात्री १०:५०

गाळ उपसताना गमबूट घालायला सांगा पोरांना. उघड्या पायाला जखम असली की लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची भीती. आणि ताप आला तर पुराच्या पाण्यात उभे होतो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं, ते विचारायची वाट बघायची नाही.

कोर्टाची_पायरी | मंगळवार, सकाळी १०:००

ह्या भागाला एकत्र येणं जमत नाही असं कोण म्हणतं? उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचं बघा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सहा जिल्ह्यांचे वकील, एरवी एका टेबलावर चहा न घेणारे, कित्येक वर्षं एका मागणीवर उभे राहिले. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचं काम सुरू झालं. टोलचंही तसंच, सगळे पक्ष, सगळ्या तालमी रस्त्यावर आल्या आणि टोल गेला. अलमट्टी धरणाच्या उंचीवरूनही सांगली-कोल्हापूर एका सुरात बोलतात. हेच गणित इथं मांडायचं. एक मागणी, एक निमंत्रक, सगळ्यांना निमंत्रण.

तिरकस_पाव्हणा | मंगळवार, सकाळी ११:३५

वकीलसाहेब, आदर ठेवून असहमत.

टोलला नाका होता. नाक्यावर जाऊन उभं राहता येत होतं. अलमट्टीला धरण आहे, पलीकडं दुसरं राज्य आहे. आपल्याला समोर कोणीतरी उभा लागतो, मग कोल्हापूर पेटतं. बुरशीच्या विरोधात मोर्चा कुणाच्या दारात नेणार? अर्धा दोष ज्या ठेकेदारानं घर बांधलं त्याचा, तो आपलाच मावसभाऊ. पाव दोष वर गटारात कचरा टाकणाऱ्या शेजाऱ्याचा. उरलेला आपला, कारण खिडकीपुढं आपणच कपाट ठेवलं. असल्या कामाला घोषणा सुचत नाही. दहा वर्षं दर महिन्याला बसायचं, वह्या भरायच्या, फोटो कुठंच छापून येणार नाही. ह्याला आपल्याकडं माणसं मिळतात का, एवढंच विचारतो. मला शंका आहे.

पेठेतला | मंगळवार, सकाळी ११:४०

"बुरशी हटाव, कोल्हापूर बचाव." घ्या घोषणा.

तिरकस_पाव्हणा | मंगळवार, सकाळी ११:४२

तुमच्यासारखी माणसं असल्यावर बुरशीचं काय खरं नाही.

यंत्रमागाच्या_गावचा | मंगळवार, दुपारी १:२०

इचलकरंजीतून लिहितोय. "परिसर" म्हणता तेव्हा तुमची नजर कळंब्यापासून शिये-शिरोलीपर्यंतच जाते. आम्ही पंचगंगेच्या खालच्या अंगाला. वर जे धुतलं जातं ते आमच्याकडून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेत जातं. कोल्हापुरातल्या जयंती नाल्यात काय चाललंय हे आम्हाला पाण्याच्या वासावरून कळतं. आमची प्रोसेसिंगची घाण आम्हीही नदीत सोडली आहे, ते नाकारत नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात इथं काविळीची साथ आली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं. माणसं गेली, गरोदर बायका गेल्या. तेव्हा मी वीस वर्षांचा, माझ्या गल्लीत दोन. त्यानंतर कितीतरी घरांत पाणी उकळायची सवय लागली आणि दोन-तीन वर्षांत सुटली.

घर कितीही चकाचक असू द्या, नळ उघडला की गल्लीच्या बाहेरचं सगळं आत येतं. आम्हाला घेणार असाल तर बोला. सल्लागार म्हणून नको, बरोबरीनं.

चिखल_उपसणारा | मंगळवार, दुपारी १:४५

ह्यांना पहिल्या बैठकीला बोलवाच. आमच्या घरात आलेलं पाणी पुढं ह्यांच्याकडंच गेलं होतं.

भाडेकरू_नं_३ | मंगळवार, रात्री ८:१५

घरमालकांचा धागा चाललाय, म्हणून भाडेकरूचंही ऐका.

मी राजारामपुरीत एका खोलीत राहते. परीक्षेचा अभ्यास. खोलीत आम्ही पाचजणी, कॉट चार. खिडकी जिन्यात उघडते. छतातून थेंब पडतो, खाली बादली. मालकिणीला सांगितलं तर म्हणाल्या, "पटत नसेल तर दुसरी बघा गं, रांग लागलीय." आता तुमच्या आघाडीची माणसं घर बघायला आली आणि आम्ही बादली दाखवली, तर दुसऱ्या दिवशी आमच्या बॅगा जिन्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये घर आणि आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दाटीवाटीचा मुद्दा अगदी सुरुवातीला आहे. वाचायला बरं वाटतं. पण तक्रार करणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर राहील ह्याची हमी कोण घेणार?

हद्दीवरचा | मंगळवार, रात्री ९:००

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच.

वहीतली_घरं | मंगळवार, रात्री ९:२०

नाव न घालता करता येतं की. वहीत घर नंबर नको, फक्त गल्ली. आणि मालकांशी बोलायला तालमीतलं वयस्कर माणूस पाठवा, पोरं पाठवू नका. "तुमच्या स्लॅबचं आयुष्य कमी होतंय" म्हणून सांगितलं की मालक ऐकतो. पोरींच्या छातीचं सांगितलं तर ऐकत नाही, हे दुर्दैव.

चांदीचा_पाट | बुधवार, सकाळी ९:३०

हुपरीकर आहे. आमच्याकडं घर आणि कारखाना एकच. पुढच्या खोलीत भट्टी, मूस, उजाळ्याचं ॲसिड. मागच्या खोलीत पाळणा. आई साखळी जोडता जोडता भाकरी थापायची. पंखा बाहेर फेकणारा बसवला तर चांदीची धूळ जाते म्हणून वडील बसवू देत नव्हते. धूळ गोळा करून परत गाळतात, पैसे आहेत त्यात. घर निरोगी करा म्हणताना पोटाचं काय ते पण बघा. शेवटी आम्ही भट्टीवर पत्र्याचं धुराडं केलं आणि पाळणा आत्याच्या घरी हलवला. तेवढंच जमलं.

जुनं_बाड | बुधवार, दुपारी १२:१०

अवांतर आहे, तरी लिहितो. वस्ती आणि आरोग्य हा विचार इथं नवा नाही. प्लेगच्या काळात माणसं घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेली, त्याच्या आठवणी घराघरांत आहेत. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि १९१७ मध्ये जयसिंगपूर. जयसिंगपूरला गेलात तर रस्ते बघा, काटकोनात आणि रुंद. आधी आखणी, मग घरं. आपण आता आधी घर बांधतो, मग गटार कुठून न्यायचं यावर भांडतो.

मिरची_भजी | बुधवार, दुपारी १२:१५

आणि गटार काढून झाल्यावर त्यावर पार्किंग करतो.

निवृत्त_ग्रामसेवक | बुधवार, सायंकाळी ५:००

दोन कामाच्या गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

पहिली. पैसा नाही असं कोणी म्हणू नये. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतीच्या निधीत साठ टक्के बंधित होता, निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. सांडपाणी त्यात बसतं. अडचण अशी की आराखडा ग्रामसभेत ठरतो आणि ग्रामसभेला माणसं येत नाहीत. प्लॉटवाले तर नाहीतच. चार वर्षं गटारासाठी अर्ज फिरवले म्हणता, त्यातल्या किती ग्रामसभांना बसलात?

दुसरी. गावपातळीवर आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण आणि स्वच्छतेची समिती कागदावर आहेच. नवीन काही काढण्यापेक्षा तीच उठवा. घरकुलाचं पण तसंच. योजनेत किमान २६९ चौरस फुटांचं घर धरलंय. हप्ता मिळवायला लोक भिंती आणि छप्पर उभं करतात, खिडकी नंतर बघू म्हणतात, ती कधीच येत नाही. पाया भरताना कोणीतरी जाणकार शेजारी उभा राहिला तर फुकटात खिडकी आणि ओलरोधक थर दोन्ही होतील. हे गवंड्यांना जमेल. आघाडीत आधी गवंडी घ्या, डॉक्टर मागून येतील.

हद्दीवरचा | बुधवार, सायंकाळी ५:३०

काका, एकाही ग्रामसभेला नाही. शरमेनं लिहितोय.

धागापाल | बुधवार, रात्री ८:००

हद्दवाढ व्हावी की नको यावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. मिसळ कुठली चांगली यावरचे चौदाही. कृपया विषयाला धरून.

पेठेतला | बुधवार, रात्री ८:०३

मिसळ हाच विषय आहे. सगळं एकत्र, आणि वर कट.

गावठाण | शुक्रवार, सकाळी ६:५०

चार दिवस गप्प होतो. आशाताईंनी लिहिलेली ती गोणपाटाची खिडकी आमच्या चुलत्याच्या घरातली असावी असं वाटलं म्हणून बघून आलो. त्याची नव्हती. पण त्याची पण तशीच आहे.

माझं मत बदललेलं नाही. हद्दवाढीला माझा विरोध आहे आणि राहील. पण बसायला तयार आहे, अटी सांगतो. बैठक एकदा शहरात, एकदा गावात. निमंत्रक दोन, एक इकडचा, एक तिकडचा. लेटरहेड नाही, फ्लेक्स नाही. हद्दवाढ हा शब्द कोणीच काढायचा नाही, मी पण नाही. आणि इचलकरंजीचे ते आलेच पाहिजेत, त्यांचं बोलणं आवडलं.

कोर्टाची_पायरी | शुक्रवार, सकाळी ९:१०

लेटरहेड नाही तर निवेदन कशावर देणार?

गावठाण | शुक्रवार, सकाळी ९:१४

निवेदन द्यायचंच नाही. भिंत बघायची.

हद्दीवरचा | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. काय झालं ते सांगतो, फार काही नाही.

गेल्या रविवारी सातजण जमलो. जोतं_आधी, आशाताई, गावठाणदादा, चिखल_उपसणारा, इचलकरंजीचे एक, मी आणि समोरच्या घराचे काका. वीसजण येतो म्हणाले होते. आमच्या रस्त्याची दोन्हीकडची मिळून अकरा घरं बघितली. दोन घरांनी दारातूनच परत पाठवलं. उरलेल्या नऊपैकी सात घरांत जमिनीतली ओल, एका घरात वरच्या न्हाणीची गळती, एका घरात काहीच नाही. त्या घराचं जोतं दीड फूट उंच आहे आणि ते म्हाताऱ्या आजोबांनी स्वतः उभं राहून भरून घेतलंय.

पाण्याचे पिंप पाच घरांत उघडे, तीनमध्ये अळ्या. आशाताईंनी बॅटरी मारून पोरांना दाखवल्या, पोरांना लई मजा वाटली. आता दर शनिवारी पिंप रिकामं करून आतून घासायची जबाबदारी पोरांनी घेतलीय. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून सुकी राहतात आणि पाणी भरलं की परत जिवंत होतात, हे मला पण नव्यानं कळलं.

गटाराचं असं. जोतं_आधी यांनी पाण्याची नळी धरून पातळी काढली. उतार आमच्या बाजूलाच उलटा पडलाय, साधारण साठ फुटांत. म्हणजे चार वर्षं मी शहराला शिव्या देत होतो आणि पाणी आमच्याच दाराशी अडलं होतं. गावठाणदादांनी हे ऐकून जो चेहरा केला तो मी विसरणार नाही. पुढच्या ग्रामसभेत विषय घेतलाय. मी जाणार आहे. समोरच्या काकांना मत नाही, पण तेही येऊन बसणार म्हणतात.

पोरीची गादी हलवली, खालचा गिलावा खरवडून ठेवलाय, घर भिकाऱ्यासारखं दिसतंय. पंप अजून सुरू आहे.

तिरकस_पाव्हणा | रविवार, रात्री १०:४०

वीसातले सात. माझा अंदाज तीनचा होता. पुढची कधी?

हद्दीवरचा | रविवार, रात्री १०:४४

पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी, नदीकाठच्या पेठेत. चिखल_उपसणारा तालमीची किल्ली घेऊन सकाळी आठला थांबणार आहेत. भाडेकरू ताईंच्या खोलीचं त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवलेलं नाही.

भाडेकरू_नं_३ | रविवार, रात्री ११:०२

मी येते. माझ्या खोलीचा विषय नको, मी वही लिहीन.

पेठेतला | रविवार, रात्री ११:०५

चहा आमच्याकडून. प्लॅस्टिकचा कागद कोण आणणार?

गावठाण | सोमवार, सकाळी ६:४५

माझ्याकडं शेततळ्याचा उरलेला आहे. काळा आहे, चालतोय का?

जोतं_आधी | सोमवार, सकाळी ७:१०

काळ्यातून थेंब दिसणार कसे, दादा? पारदर्शक पाहिजे. मी आणतो. तुम्ही चिकटपट्टी आणा, रुंद.